केडगावच्या माळावरची मुक्ती

१८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पंडिता रमाबाईंचं एक पत्र छापून आलं. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर चालू होता. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून माजघर आणि देवघरापर्यंत झडत्या घेत होते. संशय आला की माणसाला उचलून रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवत होते. या रुग्णालयांत आणि छावण्यांत बायकांची काय दशा होते आणि त्यांच्या अब्रूची जबाबदारी कोणी घेत नाही, हे रमाबाईंनी आपल्याच संस्थेतल्या एका मुलीचं प्रकरण पुढे ठेवून लिहिलं. पत्राचा गाजावाजा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते पत्र चुकीचं आणि दिशाभूल करणारं ठरवलं. त्या वेळी विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्लेगच्या अत्याचारांबद्दल तिथे जे आरोप केले, त्यांच्या आधारांत हे पत्रही होतं. पुरावा उभा करता आला नाही म्हणून गोखल्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.

ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे सरकारची बाई, हा त्या काळच्या पुण्याचा पक्का समज होता. त्या समजात हे पत्र कुठेच बसत नाही. चार वर्षांपूर्वी टिळकांच्या 'केसरी'ने ज्यांच्यावर आग पाखडली होती, त्या रमाबाई आता त्याच सरकारी कारभारावर तुटून पडल्या होत्या, ज्याच्यावर टिळकही लिहीत होते. दोघांमध्ये समेट झालेला नव्हता. रमाबाईंची बाजू मुळात वेगळीच होती. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: बाईच्या वतीने बोलण्याचा आणि ठरवण्याचा अधिकार कोणाचा? शास्त्र्यांनी तो मागितला, सुधारकांनी मागितला, बिशपांनी मागितला, सरकारने तर तो गृहीतच धरला. रमाबाईंनी आश्रय अनेकांचा घेतला, पण ताबा कोणालाच दिला नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला उभं राहिलेलं 'मुक्ती' हे या हट्टाचं फळ आहे, आणि त्या जागेचा इतिहास तिथे जमीन घेण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवायचंच, हा त्यांचा निश्चय. त्यावरून धर्मसभेत वाद झाले, तरी ते मागे हटले नाहीत. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी घर थाटलं आणि तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत हिंडलं. मुलगी आईकडून भागवत शिकली. मग दुष्काळ आला. थोड्याच अवधीत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भीक मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीची कामं कधी केलेली नाहीत, आणि दान करून करून गाठीचं सगळं संपलेलं. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. उपासमार आतून कशी असते हे त्यांना माहीत होतं. केडगावची संस्था समजून घ्यायची तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने बिपिनबिहारी गेले. चोविसाव्या वर्षी पदरात तान्हं मूल असलेली ही विधवा पुण्यात आली ती केस राखून, आणि व्याख्यानं द्यायला.

पुण्याने त्यांचं कौतुक केलं. रानडे, भांडारकर या सुधारकांच्या वर्तुळात त्यांना मानाचं स्थान मिळालं. त्यांनी 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्या म्हणाल्या, की मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात आणि तपासनीसही बायकाच हव्यात. शिकलेले पुरुषसुद्धा बहुतेक मुलींच्या शिक्षणाच्या विरोधातच असतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका मरतात, तेव्हा बायकांना वैद्यक शिकवा, ही मागणीही त्यांनी तिथेच मांडली. स्वतः डॉक्टर व्हावं या इच्छेने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. बहिरेपणामुळे ते साधलं नाही.

वाँटेज गावच्या सेंट मेरी मठात त्यांचा मुक्काम होता. पुण्यात काम करणाऱ्या सिस्टर्स याच मठाच्या. त्यांनी लंडनमध्ये चालवलेला, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकून दिलेल्या बायकांचा आश्रम रमाबाईंनी पाहिला. ज्या बायकांना आपल्याकडे कोणी दारात उभं करत नाही, त्यांना इथे मायेने वागवतात, याचं कारण त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंच्या श्रद्धेचा पाया इथे पडला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचाही वाटा होता. तेही चित्पावन आणि तेही शास्त्री. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात हलकल्लोळ उडाला. ज्यांनी हार घातले त्यांनीच पाठ फिरवली. त्या गदारोळात एक आवाज वेगळा होता. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' मध्ये रमाबाईंची उघड बाजू घेतली. जिने शास्त्रं स्वतः वाचली आहेत ती बाई आपला धर्म स्वतः ठरवते आहे, हे फुल्यांना महत्त्वाचं वाटलं. ब्राह्मण विधवेच्या धर्मांतराची पाठराखण एका माळी समाजातल्या सुधारकाने करावी आणि सुशिक्षित ब्राह्मणांनी गप्प बसावं, यातून त्या काळच्या सुधारणेची हद्द कुठवर होती ते कळतं.

इंग्लंडमध्येही वाद टळला नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेला वाटे, की नव्या लेकराने आज्ञेत राहावं. रमाबाई मांसाहाराला तयार होत नव्हत्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारत होत्या. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल शंका काढत होत्या. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत. पुरुष विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी शिकवू नये, असं बिशपांनी सुचवलं. हिंदुस्थानात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेल्या बाईला ही सूचना अपमानाची वाटली आणि त्यांनी ती मान्य केली नाही. एका भिक्षुकशाहीच्या जोखडातून महाप्रयासाने मान सोडवली ती दुसऱ्या भिक्षुकशाहीच्या जोखडात घालायला नव्हे, अशा आशयाचं त्यांनी सिस्टर जेराल्डीनना लिहून टाकलं. मला बुद्धी आहे, सदसद्विवेक आहे आणि मी त्याप्रमाणे चालणार, हा त्या पत्रांचा सूर. रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे शंभरदा सांगितलं जातं. ख्रिस्ती झाल्यावर पहिलं भांडण त्यांनी चर्चशी केलं, हेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानाचं. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. फिलाडेल्फियाचा तो समारंभ ११ मार्चला झाला. रमाबाई मात्र अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, गावोगाव बोलल्या आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल लागला. तो वाचून रमाबाईंनी चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्यांना संतापाने लिहिलं, की इंग्रज सरकार हिंदुस्थानातल्या पुरुषांना राजी ठेवण्यासाठी बायकांचा बळी द्यायला तयार आहे. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. तरी साम्राज्याबद्दल त्यांच्या मनात भ्रम उरला नव्हता.

बोस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात हललं. अटी पाळल्या गेल्या: धर्मशिक्षण नाही, सोवळं-ओवळं ज्याचं त्याने पाळावं, स्वयंपाकाला ब्राह्मण बाई. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर, तेलंग अशी माणसं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही कोकणातली बालविधवा होती. धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी ११ मार्च १८९३ ला पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल आपल्या मुरुड गावचा बहिष्कार सोसला. पुढे त्याच बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

या वर्षांत रमाबाई राजकारणाच्या बाहेर नव्हत्या. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं, त्याला प्रथमच स्त्री-प्रतिनिधी हजर राहिल्या. त्यांत रमाबाई होत्या. सोबतच्या सामाजिक परिषदेत त्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर बोलल्या. विधवेने डोकं भादरून घेण्याच्या चालीला धर्माचा आधार कुठला, हा प्रश्न शास्त्र वाचलेल्या बाईच्या तोंडून आला की सभेला तो टाळता येत नसे. दुसऱ्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला कामगारनेता आणि ख्रिस्ती झालेली पंडिता एकाच रूढीवर दोन बाजूंनी घाव घालत होते.

शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हतं, पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत आणि प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचं दार लावत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यांना हुसकून लावणं रमाबाईंच्या स्वभावात नव्हतं. काही जणींचा कल ख्रिस्ताकडे दिसू लागताच 'केसरी'ने तोफा डागल्या. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, आणि पालक मुलींना घेऊन गेले. रानड्यांची अडचण खोटी नव्हती. त्यांनी समाजाला तटस्थतेची हमी दिली होती आणि सुधारणेची सगळी गाडी लोकांच्या विश्वासावर चालत होती. तरीही त्या भांडणात एक गोष्ट कोणी विचारली नाही. सदनात राहणाऱ्या, वाचायला शिकलेल्या, वयात आलेल्या विधवेला स्वतःच्या श्रद्धेबद्दल काही मत असू शकतं का? दोन्ही बाजूंचे पुरुष मुली कोणाच्या याबद्दल भांडत होते. रमाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: मुली त्यांच्या स्वतःच्या.

कर्व्यांनी या घटनेतून धडा घेतला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो हिंदू समाजाच्या चौकटीत राहूनच, आणि पुढे तो हिंगण्याला वाढला. शारदा सदनाचं पाठबळ गेलं म्हणून हे काम थांबलं नाही, उलट त्याला दुसरी शाखा फुटली. पण हिंगण्याचा आश्रम बराच काळ मुख्यतः उच्चवर्णीय विधवांपुरता राहिला. रमाबाईंच्या संस्थेचं रूप मात्र लवकरच पालटणार होतं.

पुण्यापासून दूर केडगावला त्यांनी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती, तेव्हा संस्थेला स्वतःच्या उत्पन्नाचं साधन हवं होतं. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर एकट्या पडलेल्या पोरी दलालांच्या तावडीत सापडत आहेत, हे कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणी आपण ज्या वाटेने गेलो तीच वाट त्यांना पुन्हा दिसली. खरूज-उवांनी भरलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या, नाव-गाव विसरलेल्या सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आपल्याकडे आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते आणि इतकी माणसं शहरात ठेवणं शक्य नव्हतं. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ ला 'मुक्ती'ची रीतसर स्थापना झाली.

या मुलींत ब्राह्मण फार थोड्या. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य, आदिवासी, सगळ्या जातींच्या पोरी एका पंगतीला बसल्या. शारदा सदनाची सोवळी चूल इथे शक्यच नव्हती. सनातनी आणि सुधारक या दोघांनाही जे तेव्हा झेपलं नव्हतं ते इथे दुष्काळाने घडवून आणलं, आणि रमाबाईंनी ते मनापासून स्वीकारलं. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

एवढ्यांचं पोट कसं भरायचं? बोस्टनचा जुना करार शारदा सदनापुरता होता आणि तो १८९८ मध्ये संपला. रमाबाईंनी ठरवलं की मागणं देवाकडे मागायचं आणि जे येईल त्यात चालवायचं. या प्रार्थनेला हाताची जोड होती. शेती, गाई-म्हशी, तेलघाणा, हातमाग, शिवण, धोबीकाम, छापखाना. प्रत्येक मुलीने अर्धा वेळ शिकायचं आणि अर्धा वेळ काम करायचं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. मनोरमेने ब्रेल शिकून आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. पुढे तिने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. खिळे जुळवणं, छापणं, पुस्तक बांधणं ही तेव्हा पुरुषांची मानलेली कामं केडगावात बायका करत होत्या. एका बाईच्या देखरेखीखाली आणि बायकांच्या श्रमांवर उभी असलेली इतकी मोठी वसाहत त्या वेळच्या महाराष्ट्रात दुसरी नव्हती.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं धर्मजागरण झालं. मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अनोळखी भाषांत बोलू लागल्या. जगातल्या पेंटेकोस्टल पंथाच्या इतिहासात केडगावचं नाव यामुळे आलं. आपल्याकडच्या सुशिक्षितांना मात्र हे अतिरेकी वाटलं, आणि बुद्धिवादी रमाबाई संपल्या असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. श्रद्धा तीव्र झाली तरी शेती, छापखाना आणि शाळा पुढेही चालू राहिली.

एक गोष्ट मात्र बाजूला सारता येत नाही. उपाशी, अनाथ पोरीला आश्रय देणाऱ्या संस्थेत एकाच धर्माची हवा असेल तर तिच्या श्रद्धेत तिची स्वतःची निवड किती उरते? शारदा सदनातल्या प्रौढ विधवेबद्दल जे म्हणता येतं ते आठ वर्षांच्या दुष्काळी मुलीबद्दल तितक्या सहज म्हणता येत नाही. आपल्या विवेकासाठी बिशपांशी भांडलेल्या बाईच्या संस्थेला हा प्रश्न लागू होतोच. त्याचबरोबर, अन्नछत्राच्या दारातून त्या मुलीला उचलायला दलालाखेरीज त्या दिवशी कोण आलं होतं, हेही विचारायला हवं.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाई मराठी बायबलवर खपल्या. प्रचलित भाषांतर त्यांच्या मुलींना कळत नव्हतं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ पाठावरून साध्या, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. संस्कृतात कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या बाईने आपली सगळी विद्वत्ता अडाणी बाईला सोपं करून सांगण्यासाठी खर्ची घातली, याइतकं मला त्यांच्या चरित्रात दुसरं काही मोठं वाटत नाही. खिळे जुळवणाऱ्या आणि मुद्रितं तपासणाऱ्या बहुतेक मुक्तीतल्याच मुली होत्या. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झालं.

त्यानंतर महाराष्ट्राने रमाबाईंना अर्धंमुर्धं आठवलं. सुधारकांच्या यादीत त्यांचं नाव येतं, पण बाप्तिस्म्यापाशी वाक्य अडखळतं. चर्चच्या पुस्तकांत भक्तिण येते आणि रखमाबाईंच्या निकालावर चिडलेली, काँग्रेसला गेलेली बाई गळते. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. ज्या इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांचं त्यांनी ऐकलं नव्हतं, त्या चर्चच्या पंचांगात आता दर वर्षी ३० एप्रिलला त्यांचं स्मरण होतं. केडगावची संस्था आजही चालू आहे. निराधार बायका आणि मुली तिथे राहतात आणि शिकतात.